चाकाच्या मागचा टेका

पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवेला लागून, चाचांचं टायरचं दुकान आहे. टिनाचं शेड, बाहेर ट्रकच्या जुन्या टायरांची उतरंड, एक कॉम्प्रेसर जो सुरू झाला की बोलणं बंदच करावं लागतं, आणि निंबाच्या झाडाखाली एक बाज. दिवाळीनंतर माझी पोलो तिथं जॅकवर चढलेली होती. नवीन अलॉय व्हील्स आणि त्यांच्या मागे घालायचे पाच मिलिमीटर जाडीचे स्पेसर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या चकत्या, सगळं बाहेरून मागवलेलं, खोके अजून मागच्या सीटवर. चाचांनी एक स्पेसर उचलला, उन्हात धरला, तळहातावर फिरवला, अंगठ्याने आतली कडा चाचपली, मग चाकाच्या जागेवर टेकवून पाहिला आणि परत काढला. मला वाटलं आता विचारतील किती पैसे गेले, सगळे तेच विचारतात. त्यांनी विचारलं, "बेटी, याले मागून टेका कायचा हाय?"

मी म्हटलं, हबचा, म्हणजे ज्या गोल भागावर चाक बोल्टने बसतं त्याचा. त्यावर ते हाव पण म्हणाले नाहीत आणि नाही पण म्हणाले नाहीत. चहा आला, एका बंडीचं टायर आलं, ते त्यात गुंतले. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण मी महिनाभर जे काय वाचलं, पाहिलं, विचारलं होतं ते सगळं चाक बाहेर किती येईल याबद्दल होतं, मागच्या बाजूने त्याला कोण धरून आहे हे कोणी बोललंच नव्हतं.

स्पेसर लागलाच का ते आधी सांगते, कारण गावातल्या पोरांना तो लूकसाठीच असतो असं वाटतं. पोलोची कंपनीची चाकं ६ इंच रुंद. मी घेतली ती १५ इंचीच पण ७ इंच रुंद, ईटी ४०. ईटी म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं मिलिमीटरमधलं अंतर, तो आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर. एक इंच रुंदी वाढली म्हणजे अर्धा इंच बाहेर आणि अर्धा इंच आत. बाहेर जागा आहे. आत पुढच्या शॉकअपची नळी आहे, आणि कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेला सेट, टाकल्यापासून स्प्रिंगची बैठक पण टायरच्या जवळ आलीय. चाक लावून आत हात घातला तर बोट सोडा, माचिसची काडी अडकत होती. उभ्या गाडीला घासत नाही म्हणून भागत नाही, रेसिंगच्या ट्रॅकवर वळणात टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, दबते, आत सरकते, आणि मग रबर त्या लोखंडाला लागतं. म्हणून पाच मिलिमीटर. ईटी ४० चं चाक ईटी ३५ ला येऊन बसतं, त्या चकतीचं काम एवढंच.

आता पोलोच्या हबला स्टड, म्हणजे बाहेर आलेले आट्याचे दांडे, आणि नट नसतात, सरळ बोल्ट जातात आत, १४ मिलिमीटर जाडीचे, दीड मिलिमीटर आट्याचे. स्पेसर घातला की तेवढेच लांब बोल्ट पाहिजेत, नाहीतर हबमधे जाणारे आटे कमी होतात. आणि कंपनीच्या बोल्टची बैठक खालून गोल असते, बाहेरच्या अलॉयची बहुतेक वेळा शंकूच्या आकाराची. गोल बोल्ट शंकूच्या बैठकीत टाकला तर कसला जातो, पान्याला पूर्ण टाइट लागतो, पण आत तो नुसत्या एका बारीक रेषेवर टेकलेला असतो आणि धावता धावता ढिला होतो. म्हणून बोल्ट पण नवे घेतले. बाजेवर चाक उलटं ठेवलं, भोकातून बोल्ट घातला आणि मागून किती बाहेर आलाय ते व्हर्नियरने मोजलं, एकेका भोकाचं. कंपनीच्या चाकात कंपनीचा बोल्ट जितका बाहेर येतो त्यापेक्षा, स्पेसरची जाडी धरून, कमी नको. फार जास्त पण नको, मागच्या ड्रमच्या आत ब्रेकचा सरंजाम असतो आणि लांब बोल्टचं टोक तिथं जाऊन घासतं. चाचा हे मोजमाप लक्ष देऊन पाहत होते. मग उठले आणि म्हणाले, "हे झालं बोल्टाचं. आता टेका पाहू."

त्यांनी दुकानातून नीळ आणली, कपड्यांना टाकतो ती, पुडीतली. चिमूटभर ग्रीसमधे कालवली आणि ब्रेकच्या डिस्कच्या तोंडावर, जिथं चाक टेकतं तिथं, बोटाने इतका पातळ थर लावला की खालचं लोखंड दिसत होतं. त्यावर स्पेसर, त्यावर चाक, पाचही बोल्ट आडवे-तिडवे थोडे थोडे कसले. मग सगळं परत खोललं आणि स्पेसर उलटा करून माझ्या हातात दिला.

नीळ अर्ध्याच भागाला लागली होती.

एका बाजूला छान निळं, चंद्रकोरीच्या आकाराचं, आणि समोरच्या बाजूला स्वच्छ चकचकीत ॲल्युमिनियम, जिथं काहीच टेकलेलं नव्हतं. चाचांनी बॅटरी आणली, डिस्कवर मारली, आणि नखाने दाखवलं. डिस्कला हबशी धरून ठेवणारा एक छोटा स्क्रू असतो, माझ्या आधीच्या मालकाच्या काळात कधीतरी बदललेला असावा, त्याचं डोकं पुरतं आत बसलेलं नव्हतं. नखाला लागेल एवढंच वर, अर्धा मिलिमीटरसुद्धा नसेल. कंपनीच्या चाकाच्या पाठीला खळगे असतात, त्या खळग्यात ते डोकं आजवर खपून गेलं. स्पेसर मात्र सपाट, तो त्या डोक्यावर चढून बसला होता. शिवाय हबच्या मधोमध जी गोल कडा बाहेर आलेली असते, ५७.१ मिलिमीटरची, तिच्या बुडाशी थोडी गोलाई असते, आणि स्पेसरच्या आतल्या काठाला तिच्यासाठी उतार काढलेलाच नव्हता. म्हणजे दोन ठिकाणी टांगलेला. वरून कितीही कसा, टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला पीळ भरला की वाजणारा पाना, टक करतो, आणि आत फट.

स्क्रू काढून नवा बसवला. तारेच्या ब्रशने गंज उतरवला, नीळ-ग्रीस पेट्रोलने पुसून काढलं, कारण त्या दोन तोंडांच्या मधे ग्रीस राहिलेलं चालत नाही, कोरडंच पाहिजे. स्पेसर घेऊन मी वणीला गेले. तिथं कोळशाच्या खाणींमुळे लेथवाले भरपूर आहेत आणि त्यांचा हात बसलेला असतो. त्या माणसाने आतल्या काठाला उतार काढून दिला, चारही स्पेसरला, आणि जाडी चारी बाजूंनी सारखी आहे का ते स्वतःहून तपासलं. दुसऱ्या दिवशी चाचांनी परत नीळ लावली. ह्या वेळी गोल पूर्ण होता.

मी नंतर घरी बसून ढोबळ हिशोब केला. पोलोच्या बोल्टला १२० न्यूटन-मीटर टॉर्क सांगितलेला आहे. कोरड्या आट्याच्या १४ मिलिमीटर बोल्टला तेवढा टॉर्क दिला की एक बोल्ट साधारण ४ टनांच्या जोराने चाकाला हबवर दाबून धरतो. पाच बोल्ट, म्हणजे एका चाकामागे २० टनांच्या आसपास. अख्खी गाडी अकराशे किलोच्या घरात. इतका दाब कशाला, तर चाक बोल्टांवर लटकलेलंच नसतं. दोन सपाट तोंडं एकमेकांवर इतकी दाबलेली असतात की त्यांच्यातल्या घर्षणानेच सगळं पेलायचं असतं, गाडीचं वजन, ब्रेकचा झटका, वळणातला धक्का. बोल्टचं काम फक्त दाबून धरणं. तोंडं अर्धीच टेकली की तो दाब एका बाजूला जातो, तिथला रंग, गंज, पावडर कोटिंग हळूहळू दबून जागा बनवतं, बोल्टमधला ताण उतरतो, आणि जे काम बोल्टचं नव्हतं ते बोल्टच्या गळ्यात येतं.

हे आकडे मला नवीन होते, गोष्ट मात्र नवीन नव्हती. आमच्या घरी पाऊस लागायच्या आधी ट्रॅक्टरची मागची चाकं उलटी व्हायची. कपाशीचं तास तीन फुटी की चार फुटी यावर ट्रॅक्टरच्या चाकांतलं अंतर बदलावं लागतं, नाहीतर चाक झाडावरूनच जाईल. मागच्या चाकाची तवी, म्हणजे मधली लोखंडी तबकडी, आणि रिम सुटी होते, उलटसुलट लावून अंतर कमी-जास्त करता येतं. बाबा आणि गडी मिळून ट्रॅक्टरखाली बाभळीचे ठोकळे द्यायचे, जॅक लावायचे, आणि ते पाणी भरलेलं जड चाक दोघं-तिघं मिळून फिरवायचे. मी तेव्हा नट सांभाळायची, जुन्या पातेल्यात, डिझेलमधे बुडवलेले. बाबा नट कसायच्या आधी तवीचं तोंड बोटांनी पुसायचे, चिंधीने नाही, बोटांनी, वाळलेल्या काळ्या मातीचा एक कण राहिला तरी बोटाला कळतो म्हणायचे. मग पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घालून कसायचं. आणि पहिल्या दिवशीचं काम झालं की संध्याकाळी, जेवणाच्या आधी, परत एकदा सगळे नट. दरवेळी थोडे तरी फिरायचे. "बसलं आता," म्हणायचे. मी त्या पाइपला लटकायचा हट्ट करायची आणि ते लटकू द्यायचे.

त्याच्याही आधीचं म्हणजे आजोबांची बंडी. लाकडी चाकांची. ती मी धावताना कमी आणि गोठ्यामागे पडलेली जास्त पाहिली, पण धाव चढवताना एकदा पाहिलंय. गोवऱ्यांच्या जाळात ती लोखंडी पट्टी लालबुंद करायची, चार जणांनी सांडशीने उचलून लाकडी चाकावर ठोकायची, लाकूड धूर सोडतं, आणि लगेच पाणी. लोखंड आवळतं आणि लाकडाचा एकेक सांधा कर्र करत जुळतो. त्या चाकाला ना खिळा ना बोल्ट, आवळलेपणावरच ते काळ्या मातीत वर्षानुवर्षं चालायचं. तो वास मला अजून येतो, जळलेलं लाकूड आणि वाफ. गावातल्या सगळ्या बंड्यांची रुंदी एकच असायची, कारण पावसात पांदणीला पडलेल्या चाकोऱ्या दिवाळीपर्यंत वाळून दगड व्हायच्या, आणि ज्याचं चाक दोन बोटं बाहेर त्याची बंडी एका अंगाने चाकोरीच्या काठावर चढून कलायची.

विदर्भात ट्रॅक नाही. माझं जाणं होतं ते कोइंबतूरला, करी मोटर स्पीडवेवर. आमच्या गावापासून बाराशे-तेराशे किलोमीटर, पण रस्ता सरळ, घरासमोरचाच हायवे. पाटणबोरी, पैनगंगा, आदिलाबाद, निर्मल, हैदराबाद, कर्नूल, बंगळुरू, सेलम. ट्रॅकची चाकं आणि टायर मागची सीट पाडून आत टाकलेले, रस्त्यावर कंपनीचीच चाकं. हिवाळ्यात निघालं की आमच्याकडच्या जिनिंगमधून निघालेले रुईच्या गाठींचे ट्रक पण दक्षिणेकडे चाललेले असतात, तिकडच्या गिरण्यांना. ताडपत्रीच्या फटीतून कापसाचे पुंजके उडत राहतात, काचेवर येतात. कोइंबतूर गिरण्यांचं शहर, आणि तिथला ट्रॅक २००३ चा, एस. करिवर्धन यांच्या नावाचा, ज्यांनी मारुतीची इंजिनं टाकून फॉर्म्युला गाड्या बांधल्या आणि आपल्याकडच्या कित्येक पोरांना रेसिंगची पहिली सीट दिली. १९९५ ला विमान अपघातात गेले. ज्या गावाला आमचा कापूस जातो त्याच गावाला मी पण जाते, ह्याचं मला दरवेळी बरं वाटतं.

ट्रॅक लहान आहे, २.१ किलोमीटर, पण वळणं खूप. माझ्या टायरचा घेर पावणेदोन मीटरच्या थोडा वर, म्हणजे एका लॅपमधे चाक अकराशेच्या वर वेळा फिरतं, आणि शंभरच्या स्पीडला सेकंदाला जवळजवळ १५ वेळा. दरेक फेऱ्यात ढिला बोल्ट एकदा इकडे वाकतो, एकदा तिकडे. हे कागदावर वाचणं वेगळं. मी ते हातात धरून पाहिलं. बाजूच्या गॅरेजमधली एक हॅचबॅक, जाड स्पेसर घातलेली, पुढचं चाक थरथरतंय म्हणून आत आली आणि चाक खोललं तर दोन स्टड तुटलेले. त्या मुलाचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने तुटका तुकडा माझ्या हातात दिला, अजून गरम होता. तुटलेल्या तोंडाचा एक कोपरा खडबडीत, करकरीत, पण बाकी सगळा भाग गुळगुळीत, आणि त्यावर बारीक बारीक रेषा, उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरत जातं तेव्हा काठावर एकाखाली एक रेघा उरतात तशा. म्हणजे तो स्टड त्या दिवशी तुटलेलाच नव्हता. कितीतरी दिवस तो थोडा थोडा तुटत होता, आणि त्या दिवशी फक्त शेवटचा कोपरा गेला.

धातू असा थकतो हे माणसाला आगगाडीने शिकवलं. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि कितीतरी माणसं जळून मेली. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्योलर या रेल्वेच्या इंजिनिअरने १८५०-६० च्या दशकांत आस यंत्रावर फिरवून फिरवून, वाकवून वाकवून पाहिले, आणि दाखवलं की एका झटक्यात जे लोखंड कधीच तुटणार नाही ते त्याहून कितीतरी कमी जोराने, पण लाखो वेळा वाकवलं, तर तुटतं. मी तो तुकडा परत दिला आणि माझ्या गाडीजवळ जाऊन उगाच हबवर हात ठेवून उभी राहिले. भीती वाटत होती हे खरं, आणि पुढच्या सेशनची घाई पण झालेली होती, तेही खरं.

सेशन संपला की ब्रेक धगधगत असतात, पॅडचा तो करपट वास, टायरवर चिकटलेलं रबर. त्या वेळी टॉर्क रेंच लावायचा नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, चाक आणि स्पेसर दोन्ही फुगलेले असताना बोल्टमधला ताण खोटा दिसतो. हात लावता येईल इतकं थंड झालं की मग, आडव्या-तिडव्या क्रमाने, १२० वर. पहिल्या सेशननंतर एक-दोन बोल्ट किंचित फिरले. दुसऱ्या सेशननंतर एकही नाही. "बसलं आता," माझ्या तोंडून निघालं, मोठ्याने, आणि बाजूचा तमिळ मेकॅनिक माझ्याकडे पाहून हसला, त्याला शब्द कळला नसेल पण गोष्ट कळली असावी. गाडी वळणात ज्या विश्वासाने बसली ते सांगता येत नाही. स्टीयरिंग थोडं जड, रस्त्याची रेघ न् रेघ हाताला कळणारी, आणि आतून घासल्याचा आवाज नाही.

एक गोष्ट मात्र मला आवर्जून लिहायची आहे, आणि ती जरा चिडूनच. आमच्याकडे हल्ली बोलेरो, स्कॉर्पिओ, थारला दोन-दोन इंचांचे स्पेसर घालून चाकं मडगार्डच्या बाहेर काढायची पद्धत पडलीय. लग्नात, गणपतीत, कॉलेजच्या गेटवर. पाच मिलिमीटर आणि पन्नास मिलिमीटर एकच समजू नका रे बाबांनो. चाक जितकं बाहेर तितका बेअरिंगवरचा रेटा लांबून येतो, खड्ड्याचा झटका सरळ स्टीयरिंगमधे येतो, आणि आमच्या रस्त्यांना खड्डे कमी नाहीत. उघड्या चाकाने उडवलेला खडा मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर जातो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असले बदल करू देत नाही हे त्यांना सांगून झालंय, ते ऐकत नाहीत. मी आता कायदा नाही सांगत. चाचांच्या दुकानात नेते, चाक खोलायला लावते, आणि नीळ लावायला सांगते. परवा एकाचा स्पेसर निघाला, त्याच्या पाठीवर फक्त तीन ठिपके निळे होते. पोरगा पुष्कळ वेळ ते ठिपके पाहत बसला. त्याच्या बायकोला सातवा महिना आहे, त्याच गाडीने तो तिला यवतमाळला तपासणीला नेतो. स्पेसर त्याने तिथंच सोडले.

चाचांचं म्हणणं अजून तेच आहे, की मधे काही नसलेलं बरं. "दोघाइच्या मधात तिसरा कायले, बेटी," म्हणतात. पटतं मला. ईटी ३५ चं ७ इंची चाक घेतलं तर स्पेसर लागणारच नाही, लांब बोल्ट नको, उतार नको, हबची पूर्ण कडा चाकाला मिळेल. पाच भोकांचं, १०० पीसीडीचं, म्हणजे भोकांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर असलेलं, त्या मापाचं हलकं चाक शोधतेय. पोलो भारतात २०२२ ला बंद झाली, त्यामुळे जे मिळतं ते बहुतेक ईटी ३८-४० चं, नाहीतर जड. नागपूरला एकाकडे एक सेट आहे, पण चारपैकी एका चाकाला वेल्डिंग झालेलं दिसतंय, ते मी घेणार नाही. सध्या कपाशीची वेचणी सुरू आहे, घरी मजुरांची ओढाताण, संक्रांतीच्या आधी गाव सोडता येणार नाही. तोवर मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर हेच स्पेसर घेऊन जाईन, आणि निघायच्या आदल्या दिवशी चाचांकडे परत एकदा नीळ लावून घेईन.